उशीवरचा दिवा

आर्णीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीही विचारण्याआधी विचारलं, "हात कोरडे हायेत ना?"

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी साताऱ्याकडची, शाळेत नुकतीच लागलेली, आणि वऱ्हाडी बोली कानाला नवीन. मी नुसती मान हलवली. त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी मला दोन्ही तळहात पुढे करायला लावले, ते निरखून पाहिले आणि मग जिन्यातल्या दिव्याचं बटण दाखवत म्हणाले, "आता दाबा."

तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना काकाजी म्हणू लागले. उभी नोकरी लाइनमन म्हणून करून ते रिटायर झाले होते. उन्हातान्हात, वादळात, अर्ध्या तालुक्याच्या खांबांवर चढलेला हा माणूस स्वतःच्या घरातल्या बटणांना मात्र प्रचंड घाबरायचा. मी एकदा त्यांना तसं म्हटलंही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोलवरची लाइन डोयाले दिसते, मॅडम. घरातली भिंतीच्या आत दडून बसली असते. मले दडलेल्याचं भेव वाटते."

घरात ते कायम रबरी चपला घालून असत. शेजारच्या सत्यनारायणाला गेले की चपला बाहेर ठेवाव्या लागत, म्हणून खाली अंथरायला ते घरून रबराचा तुकडा नेत आणि आसनाखाली सारत. दिव्यांच्या माळा जवळ असतील तर तीर्थ घ्यायलाही हात पुढे करत नसत. साधा बल्ब बदलायचा तरी अख्ख्या घराचा मेन स्विच पाडत. मग वरच्या खोलीत माझा मिक्सर अर्धवट चटणीवर थांबे, आणि मेन पुन्हा वर केव्हा होईल ते काकाजींच्या मनावर असे. वायर तपासता तपासता त्यांना दुसरी वायर संशयास्पद वाटायची, तिच्यावरून तिसरी.

अशा वेळी काकू वर यायच्या, हातात त्यांच्या पाट्यावर वाटलेल्या चटणीची वाटी घेऊन. काकू म्हणजे त्यांची बायको. जोरात हसणारी, जोरात बोलणारी बाई. नवऱ्याची थट्टा हा तिचा आवडता विषय. "याइचं काही मनावर घेऊ नका मॅडम," त्या म्हणायच्या. "आमच्या लग्नात होमापुढं बसले, अन् भटजीले इचारते का मांडवाच्या लायटिंगची आर्थिंग कुठी केली!" खालून काकाजी ओरडत, "मंग? केलीच नोती त्यानं!"

मूलबाळ नव्हतं त्यांना. काकू बोलायच्या आणि काकाजी काळजी करायचे, असं ते घर चालत होतं.

एकदाच त्यांनी मला त्यांच्या भीतीमागची गोष्ट सांगितली. गच्चीवर वाळत घातलेल्या तुरी गोळा करता करता, जणू बाजारभाव सांगावा तशी. त्यांच्यासोबतचा एक माणूस तारेला चिकटला होता. त्याला ओढायला दुसरा धावला, तोही चिकटला. काकाजी त्यांच्याकडे न जाता उलट्या दिशेला पळाले आणि त्यांनी आधी लाइन बंद केली. दोघं वाचले. "तवापासून मॅडम, मानूस पडलेला दिसला का माहा हात पयले मेनकडं जाते. डोकं मांगून येते."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे एका सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत इस्त्री करत होते, आणि इस्त्री बंद पडली. पंखाही थांबला. मेन पाडला म्हणून मी मनात चरफडले. तेवढ्यात खालून काकाजींची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती माझ्या नावाची नव्हती, कुणाच्याच नावाची नव्हती.

काकू स्वयंपाकघरात फ्रिजपाशी पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काकाजी त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसून त्यांचा उजवा हात उचलत होते, आणि तो हात पुन्हा पुन्हा खाली पडत होता. त्यांना वाटलं होतं, फ्रिजचा शॉक बसला. म्हणून ते आधी पुढच्या खोलीत मेनकडे धावले होते. मेन पाडून परत आले तेव्हा कळलं, की हा करंट नाही. लकवा होता.

यवतमाळला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला आहे, उजवी बाजू गेली आहे, वाचा सध्या नाही. पुढे बघू. काकाजींनी त्यांना फक्त एकच गोष्ट विचारली. आपण आधी मेन पाडायला गेलो, त्या वेळाने नुकसान झालं का? डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की तेवढ्याने काही फरक पडत नाही, हे आधीच घडून गेलेलं असतं. काकाजींनी ऐकून घेतलं, बाहेर आले, आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसून मला विचारलं, "मॅडम, तुमाले काय वाटते? तेवढ्यानं फरक पडला असन का?"

मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणाले ना."

"डाक्टर तर म्हननच. मी तुमाले इचारून राह्यलो."

मी नाही म्हटलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी हेच विचारलं. दरवेळी नव्याने, जणू या खेपेला माझं उत्तर बदललेलं असेल.

काकूंना घरी न्यायचं ठरलं तसा काकाजींना नवा घोर लागला. ज्या खोलीत त्यांना ठेवायचं होतं तिथे पलंगाच्या वर छताला जुना पंखा होता आणि शेजारी लोंबता दिवा. बाई उताणी पडून राहणार, स्वतःहून बाजूला सरकू शकणार नाही. वरून काही पडलं तर? "तिच्या डोक्यावर लटकनारं काहीच नको," हे त्यांनी पक्कं केलं. पंखा काढला आणि पायांकडच्या भिंतीवर छोटा भिंतीचा पंखा लावला. दिव्यांसाठी फॉल्स सीलिंग करायचं आणि त्यात कन्सील लाइट बसवायचे, म्हणजे दिवा छताच्या आत आणि बाहेर नुसतं त्याचं गोल तोंड. लोंबायला काही उरतच नाही. त्यातही त्यांना धीर देणारी एक गोष्ट होती. या दिव्यांना वर एक छोटी डबी असते, ती घरातला करंट कमी करून दिव्याला देते. "डबीच्या अलीकडं करंट," काकाजी म्हणत, "पलीकडं नुसता उजेड." हे वाक्य ते स्वतःलाच ऐकवत असावेत.

सीलिंगचं काम इरफानभाईंनी घेतलं. शांत माणूस, वाद न घालणारा. छताचा सांगाडा आणि पांढरे बोर्ड त्यांनी बसवले आणि दिव्यांच्या जागा आखायला रंगाची दोरी काढली. त्यांचा हिशेब ठरलेला. "दीवार से आधा, बीच में पूरा, काकाजी," ते म्हणाले. दोन दिव्यांत जितकं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून. दोरी ताणून छतावर फटकारली, की निळी रेघ उमटे. उभ्या-आडव्या रेघा जिथे मिळतील तिथे दिवा.

काकाजींनी त्या रेघा पुन्हा मोजल्या. मग खडूने जमिनीवर पलंग आखला, उशी आखली, उशीवर काकूंचं डोकं म्हणून एक गोल काढला. शिडीवर चढून प्रत्येक खुणेवरून ओळंबा सोडला आणि तो खाली कुठे टेकतो ते पाहिलं. एक ओळंबा बरोबर त्या गोलात उतरला.

"हा इथी नको," काकाजी म्हणाले. "डोयात येईन तिच्या."

इरफानभाई खाली बसून त्या गोलाकडे बघत राहिले. "मेरी अम्मी को भी यही हुआ था," ते म्हणाले. "औषध पाजायचं, चमच्यानं भरवायचं, तर उशीवर उजेड लागतो काकाजी. चेहरा दिसला पाहिजे ना."

काकाजींनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. चेहरा दिसला पाहिजे. हे त्यांना इतकं पटलं, की त्यांनी डोळ्यांचा मुद्दा सोडूनच दिला. पुन्हा झटका आला, तोंड आणखी वाकडं झालं, तर ते आपल्याला त्याच क्षणी दिसलं पाहिजे. मागच्या वेळी आपण उशिरा पाहिलं होतं. बाजारातून त्यांनी सगळ्यात तेज, पांढराशुभ्र दिवा आणला तो उशीवरचा. बाकीचे साधे.

भोकं पाडायचं काम त्यांनी इरफानभाईंना करू दिलं, पण जोडण्या स्वतः केल्या. प्रत्येक भोकातून वायर खाली काढली, डबी जोडली, दिव्याच्या दोन्ही स्प्रिंगा दाबून तो वर सारला. खट आवाज होऊन दिवा छताला चिकटला, की खाली ओढून पाहत. मग पुन्हा काढून पुन्हा बसवत. मी शाळेतून आले की मला खाली बोलावून विचारत, "वास येते का काही? जयल्यासारखा?" नवीन रंगाचा वास सोडून कसलाच वास नव्हता.

काकू आल्या. स्ट्रेचरवरून त्यांना पलंगावर ठेवलं तेव्हा दुपार होती, खिडकीतून लख्ख उजेड येत होता. त्यांनी खोली पाहिली, नवं छत पाहिलं, मला पाहिलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला बरं वाटलं.

संध्याकाळ झाली. काकाजींनी खिडकी लावली, उशीवरचा दिवा लावला, वाटीत मुगाचं पातळ वरण घेतलं आणि काकूंवर वाकले. काकूंच्या घशातून एक आवाज निघाला. त्यांनी तोंड फिरवलं आणि डाव्या हाताने काकाजींना जोरात ढकललं. वाटी पांघरुणावर सांडली.

पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, थकवा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. सकाळी कामाला येणारी बाई त्यांना धुवायची, पुसायची, पेज भरवायची, तेव्हा काही नाही. दिवस मावळला की काकाजी पुढे येत आणि काकूंच्या डोळ्यांत भीती दाटून यायची. मी वरून ऐकायचे. तो घशातला आवाज, आणि नंतर काकाजींच्या चपलांचा दाराकडे जाणारा आवाज.

त्यांनी आधी दोष दिव्यात शोधला. तापतोय का म्हणून स्टुलावर चढून छताला तळवा लावून उभे राहत. डबीतून गुणगुण येते असं त्यांना वाटलं, मला ती कधी ऐकू आली नाही. त्यांनी डबी बदलली. काहीच बदललं नाही. मग एका संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले.

"मॅडम, तिले समजलं हाय," ते म्हणाले.

"काय समजलं?"

"मी पयले मेनकडं गेलतो ते. पडल्या जागेवरून तिनं पाह्यलं असन. ती जमिनीवर अन् मी तिले वलांडून चाल्लो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हनून मले जवळ येऊ देत नाही."

मी म्हटलं, "असं काही नसतं. काल मी भरवायला गेले तर मलाही ढकललं त्यांनी."

"तुमी माही समजूत घालून राह्यल्या."

मी खरं सांगत होते, पण त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर त्यांनी काकूंच्या जवळ जाणंच सोडलं. संध्याकाळचं भरवणं माझ्याकडे आलं. मी दिवस असतानाच ते उरकायचा प्रयत्न करायचे, कारण उजेड गेल्यावर काकू मलाही आवरत नसत. काकाजी उंबऱ्यावर उभे राहायचे, आत न येता. एवढी बोलकी बाई मुकी झाली आणि एवढा काळजी करणारा माणूस दाराबाहेर. हे असंच चालत राहिलं तर काकू खाणं सोडतील, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. त्या खरंच वाळत चालल्या होत्या.

एका रविवारी संध्याकाळीही बोलावलेल्या कामवाल्या बाईने दिवेलागणीला काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवून ओसरीवर नेलं होतं. पलंग रिकामा होता. काकाजी आत आले, दिव्याखाली उभे राहून वर बघत म्हणाले, "मॅडम, एक काम कराल का? तुमी तिच्याच उंचीच्या हा. जरा झोपून पाहा. डोयात येते का सांगा. ते एक पाहाचं राह्यलं."

मला अवघड वाटलं. आजारी माणसाच्या जागी झोपायचं, त्याच उशीवर. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी आडवी झाले. उशीला औषधी तेलाचा वास होता. "मान हालवू नका," काकाजी म्हणाले, "तिले जास्त हालवता येत नाही." मी मान ताठ ठेवली. वर फक्त तो दिवा होता. पांढरा, गोल. त्याच्याकडे बघितलं की बाकीची खोली काळवंडून जात होती.

"डोयात येते का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकायला माझ्यावर वाकले.

मी ओरडले. ओरडले आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं.

काकाजी दोन पावलं मागे गेले आणि भिंतीला टेकले. मी उठून बसले. मला माहीत होतं ते काकाजी आहेत. आवाज त्यांचा होता. पण जे माझ्यावर वाकलं त्याला चेहरा नव्हता. कडेने पांढरे पेटलेले केस, आणि मध्ये नुसता काळा गोळा. डोळे नाहीत, तोंड नाही. तो खाली खाली येत होता.

"काकाजी," मी म्हटलं, "तुमचा चेहरा दिसत नाही."

"म्हंजे?"

"तुम्ही झोपा इथे."

ते झोपले. चपला घालूनच झोपले. मी त्यांच्यावर वाकले आणि म्हटलं, "काकाजी, औषध घ्या." मी सरळ झाले, पुन्हा वाकले. त्यांनी हात वर करून माझा चेहरा कुठे आहे ते हवेत चाचपडल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला.

ते दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्याले तिचा चेहरा दिसते. तिले आपला दिसत नाही."

"हो."

"रोज संध्याकाळी कोनीतरी कायंकुट्ट येऊन तिच्यावर वाकते, अन् तोंडाशी काही आनते. अन् तिले इचारताही येत नाही, का बापा तू कोन."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजे मेनच्या पायी नाही, मॅडम?"

"नाही काकाजी."

या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठले, बाहेर गेले, ओसरीवर काकूंच्या खुर्चीशेजारी खाली बसले. तिथे अजून थोडा दिवसाचा उजेड होता. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि ढकलत नव्हत्या. हे मी दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इरफानभाई आले. काकाजींनी त्यांनाही आधी उशीवर झोपवलं आणि स्वतः त्यांच्यावर वाकले. इरफानभाई चटकन उठून बसले. "या अल्लाह," ते म्हणाले. आईची आठवण झाली असावी.

उशीवरचा दिवा काढला, भोकावर बोर्डाचा तुकडा लावून पुट्टी भरली. नवीन जागा काकाजींनी या वेळी जमिनीवर आखली नाही. पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, मला त्यावर बसवलं, स्वतः उशीवर झोपले आणि इरफानभाईंना शिडीवर बॅटरी धरून फिरवलं. "अजून मांगं... अजून... मॅडम, माह्याकडं पाहा. नाकाखाली सावली पडून राह्यली. जरासं इकडं." शेवटी जागा सापडली ती काकूंच्या डोक्यामागे, जवळजवळ भिंतीला लागून. तिथे तोंड वळवता येणारा मऊ पिवळा दिवा बसवायचा आणि त्याचं तोंड स्टुलाकडे करायचं. म्हणजे काकूंच्या डोळ्यांत काही नाही, आणि जो समोर बसेल त्याच्या चेहऱ्यावर उजेड.

"सगळी लाइन बिघडणार, काकाजी," इरफानभाई म्हणाले. एक दिवा रांग सोडून भिंतीला, आणि मध्ये भरलेल्या भोकाचा डाग. "बघणारा म्हणेल, कोणत्या येड्यानं आखलं."

"म्हनू द्या. बसवा."

त्या संध्याकाळी काकाजींनी दिवा लावला आणि स्टुलापाशी उभे राहिले. बसायचा धीर होईना. मला म्हणाले, "तुमी थांबा इथीच." मी दारापाशी थांबले. हेही चुकलं असलं तर पुढे काय करायचं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ते बसले. उजेड सरळ त्यांच्या तोंडावर आला तसे त्यांनी डोळे बारीक केले. उभ्या आयुष्यात हा माणूस असा कधी उजेडात बसला नसेल. त्याचं सगळं लक्ष दिवा कसा आहे याकडे. आता तो स्वतःच दिसत होता. सुरकुत्या, गालांवर वाढलेली पांढरी खुंटं, सुजलेले डोळे.

"मी हाय वं," ते म्हणाले.

काकू बघत राहिल्या. नजर त्यांच्या कपाळावरून खाली आली, डोळ्यांवर थांबली, तोंडावर आली. मग डावा हात हळूहळू वर उठला. मला वाटलं, आता ढकलतात. काकाजी मागे सरले नाहीत. हात त्यांच्या गालाला लागला. काकूंनी तळवा उलटा, हनुवटीकडून वर फिरवला, खुंटं खरखरली, आणि त्यांनी असं काही तोंड केलं की मला ती जुनी, जिन्यातून चटणीची वाटी घेऊन येणारी बाई दिसली. मग त्यांनी एक बोट आपल्या हनुवटीवरून फिरवून दाखवलं आणि दाराकडे केलं.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनून राह्यली?"

"दाढी करा म्हणतायत."

ते उठले, आणि आरसा, साबण, वस्तरा सगळं घेऊन परत तिथेच आले. स्टुलावर बसले. आरसा धरायला मी पुढे झाले, तर काकूंनी मला हातानेच थांबवलं. आरसा नको. काकाजींनी गालाला फेस लावला आणि तोंड त्यांच्याकडे करून वस्तरा चालवायला लागले, अंदाजाने. कानाखाली राहिलं, की काकूंचं बोट उठे आणि तिकडे दाखवी. ते तिथे फिरवत. ओठावर राहिलं, बोट पुन्हा उठे.

"अजून?" काकाजी विचारत. "कुठी? इथी?"

काकू बोट हलवून नाही म्हणत, जरा वर, जरा डावीकडे. मी दार ओढून घेतलं आणि जिन्याने वर गेले. खालून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता, "इथी? मंग इथी?" आणि मधूनच एक हसू, अर्ध्या तोंडाचं, पण चांगलं मोठ्यानं.